पाना कुठं थांबवाचा

माहं माहेर तेल्हाऱ्याकडचं, आमी माळी, बापाचं वावर इत्तुसंच पण इहिरीले पाणी भरपूर, तं चारी आंगानं लोकाईचा कापूस अन् मधात आमचे वांगे, मिरच्या, शेवंती, झेंडू, असं होतं, अन् मले लहानपणापासून पाहाचा नाद, कसा नाद सांगू तुमाले ताई, मोट चालून राह्यली का मी त्या चाकापाशी जाऊन बसो, हा दोर घसरून काहून नाई जात, चाक कुरकुरते तं नेमकं कुठून कुरकुरते, माय म्हणे हे पोट्टी कामाची नाई, बाप म्हणे बसू दे तिले, पाहाले काई खर्च लागत नाई. तवा इंग्रजाचं राज होतं, वऱ्हाड नागपूरच्या सरकाराले जोडलेलं, पण आमाले त्याचं काय, गावात पटवारी आला का सरकार आलं, इतकंच समजे.

लगन झालं ते थेट इलिचपुराकडं, आता अचलपूर म्हणतात. सासरी संत्र्याचा बगीचा, मी तं संत्र्याचं झाड पयल्यांदा तिथंच पाह्यलं. सासरे नव्हते, सासू होती, तिले मी आत्याबाई म्हणो, नणंद होती गोदा, माह्याहून लहान, अन् आमचे बुढे, म्हंजे माहे मालक. आता बुढे म्हणते, तवा काय बुढे होते, असा गडी होता का इहिरीत बैल पडला तं चार माणसाच्या बरोबरीनं दोर ओढे. अन् आत्याबाईचा हात होता डोळा बांधण्यात. म्हंजे कसं, जंबेरी लिंबाच्या खुंटाले चीर द्याची, चांगल्या संत्र्याच्या फांदीचा डोळा काढून त्या चिरेत बसवाचा, अन् वरून केळीच्या सोपटानं बांधाचा. तो डोळा फुटला का त्याचं संत्र्याचं झाड होते. तिनं बांधलेला डोळा सहसा मरत नव्हता, आसपासच्या गावचे लोक तिले बोलवाले येत, चांगली पंगतीत बसवून जेवू घालत.

आता मोटारीचं सांगते. बैलगाडीनं संत्रा बडनेऱ्याले आगगाडीवर नेता नेता खालचं फळ दबून जाये, रस बाहीर येये, तं ह्याईच्या डोक्यात आलं का मोटार घ्याची. अमरावतीच्या एका वकिलानं नवी गाडी घेतली, त्याची जुनी इकाची होती. ह्याईनं बैलजोडी इकली, चांगली पांढरी जोडी होती, आत्याबाई त्या दिवशी जेवली नाई, अन् ती मोटार दारात आणून उभी केली. मागची गादी काढली, फळ्या ठोकल्या, झाली संत्र्याची गाडी. वकिलाचा डायवर काई दिवस आमच्या घरी राह्यला, ह्याईले चालवाचं शिकवलं, अन् जाता जाता सांगून गेला का इंजिनातलं तेल काळं झालं का काढाचं अन् नवं भराचं, खाली जे तेलाचं भांडं हाये त्याले चेंबर म्हणतात, त्याच्या बुडाले एक दांडीवाला नट हाये, तो खोलला का सारं तेल खाली येते, मंग नट बसवाचा, गच्च कराचा अन् वरून तेल ओताचं. झालं. कितीक गच्च ते काई तो सांगून गेला नाई.

पयल्यांदा तेल बदललं तं आंगणात खड्डा खोदला, त्याच्या दोन्ही आंगाले फळ्या, फळ्यावर गाडी, अन् हे खड्ड्यात. मी घमेलं धरून वाकून पाहून राह्यली. तेल असं पडलं ताई, जसा काळा गूळ पातळ केला. मंग ह्याईनं नट बसवला, पान्यानं पिळला, अन् पान्याच्या दांड्यात एक लोखंडाची लांब नळी घातली अन् तिच्यावर आंग टाकलं. कर्र करून आवाज आला. म्या म्हटलं आवाज काहून आला? ते म्हणे गच्च झाला म्हणून आला. म्या म्हटलं गच्च म्हंजे कितीक गच्च? ते म्हणे गच्च म्हंजे गच्च, तुह्या भाकरीचं पाह्य. आता भाकर तं झालीच होती, पण मले ते उत्तर काई पटलं नाई.

मंग दुसऱ्या का तिसऱ्या बारीले तो नट निंगेच ना. निंगला तं कसा, त्याच्या आट्यासंग चेंबरचे आटे बी खरडून आले, चकचकीत भुगा हातात आला. नट बसवला तं निस्ता गोल गोल फिरे, कुठी धरेच ना. तोडलेला संत्रा टोपल्यात भरून ठेवलेला, थांबता येत नव्हतं, तं ह्याईनं नटाले सूत गुंडाळलं, साबण लावलं, ठोकून बसवला, अन् निंगाले. मी बी गाडीत होती, मामेबहिणीचं लगन होतं अकोल्याले, मले बडनेऱ्याले आगगाडीत बसवून द्याचं होतं. नवं लुगडं नेसलेली होती मी.

अमरावती मागं पडली, बडनेरा जवळ आलं, अन् मले वास आला. म्या म्हटलं आवो, वास येऊन राह्यला. ते म्हणे संत्र्याचा येत असन. म्या म्हटलं संत्र्याचा वास मले माहीत हाये, हा कढईत तेल करपते तसा हाये. ते म्हणे चुप बस, गाडी चालवू दे. पण मी काई चुप बसली नाई, थांबवा म्हंजे थांबवा, नाई तं मी उडी मारते. थांबवली एकदाची, खाली वाकून पाह्यलं तं नट कुठीच नाई, निस्तं भोक, अन् मागं रस्त्यावर तेलाची लांबच लांब रेघ. इंजिन असं तापलं होतं का जवळ तोंड नेता येईना. ते रस्त्याच्या कडीले डोकं धरून बसले. बैलजोडी इकून आणलेली गाडी, तिचं इंजिन जळालं असन तं घरी काय तोंड दाखवाचं. मले वाटलं आता हा माणूस रडते का काय. मंग एक कास्तकार आला, त्याच्या बैलाईनं आमची मोटार ओढत बडनेऱ्यात नेली, अन् लोक दुतर्फा उभे राहून हासून राह्यले. अकोल्याची आगगाडी निंगून गेली, लगन राह्यलं.

तिथं गणपत मिस्त्री म्हणून होते, रेलवेच्या इंजिनाच्या शेडमधे त्याईचा जलम गेला, आता घरीच बारीकसारीक कामं करत. कानानं बहिरे, तोंडाकडं पाहून नाई तं लय ओरडलं का समजे. इंजिनाले त्याईनं हँडल लावलं, हळूच फिरवलं, तळहात लोखंडावर ठेवला अन् डोळे मिटले. मंग म्हणे वाचलं. थोडं आणखी चाललं असतं तं जाम झालं असतं. ह्याईनं माह्याकडं पाह्यलं.

मिस्त्रीनं चेंबरले मोठे आटे पाडले, त्या मापाचा नट घडवला, खाली तांब्याचं वायसर, म्हंजे पातळ चकती, दिली, अन् ह्याईले म्हणे कस तू. ह्याईनं धरला पाना शेवटाले अन् लावला जोर, तसा मिस्त्रीनं हातावर चापट मारली. म्हणे पयले बोटानं फिरव, वाकडा जात असन तं मागं घे, जबरी करू नको. बोटानं टेकला का मंग पाना, अन् पाना दूर नाई धराचा, असा नटाजवळ आखूड धराचा, म्हंजे जोर लावतो म्हटलं तरी लागत नाई. पयले हलका जाईन, मंग वायसर दबते ते समजन, मंग थोडा पेलन, म्हंजे हाताले उलटा जोर लागन, अन् मंग तो तुले सांगन का बस. तिथं थांबाचं. हे म्हणे मले तं काई सांगून नाई राह्यला. मिस्त्री म्हणे तू आयकतच नाई.

मले मात्र एक इचाराचं होतं. म्या मोठ्यानं म्हटलं, मिस्त्रीबाबा, पण कसलेला नट कसलेलाच काहून राह्यते? मोटार इतकी हादरते, त्याले कोण धरून ठेवते? त्याईले आयकू गेलं नाई, मी आणखी मोठ्यानं ओरडली, रस्त्यावरचे लोक पाहाले लागले, हे म्हणे चाल आता. मिस्त्रीले समजलं, अन् ते माह्याकडं पाहातच राह्यले. म्हणे माय, हातानं मले समजते, पण काहून ते म्या कवा कोणाले इचारलं नाई अन् मले बी कोणी इचारलं नाई. मले इचार करू दे, मव्हरल्या फेरीले ये.

ताई, खोटं नाई सांगत, मव्हरल्या फेरीची मी अशी वाट पाह्यली, जसं माहेरचं मूळ याचं हाये. आत्याबाईले म्हटलं मले बडनेऱ्याले जाचं हाये. कायले? म्या म्हटलं नटाचं इचाराले. ती म्हणे अवं माय, अन् कपाळाले हात लावला, पण जाऊ दिलं.

मिस्त्री तयारच होते. डब्ब्यातून दोन नवे नट काढले, दांडीवाले, लांब, अन् एक जुना, तिन्ही एकाच मापाचे, म्हणे आता पाह्य. दोन नवे घेतले तं त्याईचे आटे एकमेकात असे बसतात, कंगव्यात कंगवा. बसवून दाखवले. मंग जुना लावला तं सुरवातीले बसे, पण मव्हरं मव्हरं दाते चुकत जाये, बसेच ना. म्हणे हा कोण्यातरी दांडगटानं पिळलेला हाये, हा लांब झाला. म्या म्हटलं लोखंड लांब होते? म्हणे होते, हात लावून पाह्य. त्याच्या मानेपाशी बोट फिरवलं तं खरंच बारीक लागली. म्हणे मले असं वाटते, नट कसला का तो थोडासा ताणल्या जाते, अन् त्याले परत आखूड व्हाचं असते, त्या ओढीनंच तो धरून ठेवते. कमी ताणला तं ओढ नाई, सैल पडन. जास्त ताणला तं त्याची ओढच मरून जाते, नाई तं आटे जातात. आता हे खरं का खोटं ते देवाले माहीत, पण मले तं असंच दिसते. मी तो नट हातात घेऊन बसूनच राह्यली. लोखंड ताणते! मी इतके दिवस लोखंडाचा इळा वापरला, तवा वापरला, मले काय माहीत का ते बी ताणते. घरी येता येता सारा रस्ता मी त्याचाच इचार करून राह्यली होती, अन् ह्याईले म्हटलं, बाजेची दावण आपण आवळतो तशीच गत झाली हे, एकच दोरी गच्च ओढली तं बाज वाकडी होते. ते म्हणे तुह्या डोक्यात काय काय येते. पण रागानं नाई म्हटलं.

राग आला तो नंतर. घरी पुन्हा तेल बदललं, ते खड्ड्यात, मी वरती, वायसर दबल्याचं मले वरून त्याईच्या हाताकडं पाहूनच समजलं, म्या म्हटलं बस झालं. त्याईनं अर्धा फेर आणखी मारला. म्या म्हटलं आवो बस ना. तं पाना फेकला, वर आले, म्हणे तूच चालव मंग गाडी, मी भाकरी करतो. शेजारच्या बाया कुडाआडून आयकून राह्यल्या. ते काई दिवस माह्यासंग बोलले नाई, पाणी मांगाचं तं गोदाले मांगत. मंग एक दिवस जेवताना आत्याबाईनंच काढलं. म्हणे बापू, तू कवा डोळा बांधला का? ते म्हणे बांधले ना. ती म्हणे अन् त्यातला एक तरी जगला का? तू असा आवळतो का डोळ्याचा जीव जाते. सैल बांधला तं वाळते, गच्च बांधला तं सडते, ते म्या तुले किती येळा सांगितलं, सांगून येत नाई ते. तुह्या बायकोले येत असन तं येऊ दे. ते जेवले अन् उठून गेले.

त्यानंतर ते पाना आखूड धरत, पण नट मात्र स्वतःच कसत, माह्या हाती देत नव्हते, गड्याचं काम हाये ना. म्या म्हटलं ठीक हाये. मी काय केलं, पानाचा चुना घेतला अन् नटावरून चेंबरवर अशी एक सरळ रेघ ओढून ठेवली. मले पाहाचं होतं का रस्त्यानं हादरून नट आपल्या मनानं फिरते का. बडनेऱ्याची फेरी झाली का मी वाकून रेघ पाहो, सरळची सरळ. अन् एक दिवस पाह्यलं तं रेघ तुटली, नट सरकला होता. आता सैल होऊन सरकला असता तं उलटा सरकला असता, हा तं गच्च कराच्या आंगाले सरकला. मी समजली. त्याईले म्हटलं, तुमी काल खड्ड्यात उतरले होते. ते दचकले, कोणं सांगितलं? म्या म्हटलं चुन्यानं. पयले डोळे वटारले, अन् मंग असे हासले, असे हासले का आत्याबाई बाहीर आली पाहाले. म्हणे मले भरोसाच वाटत नाई वं, थोडंसं आणखी पिळल्याबिगर झोप येत नाई. म्या म्हटलं पुसते रेघ, नवी ओढते, आता हात नका लावू, आपण पाहू. अन् पाह्यलं आमी, मृगाचा सारा बहार गेला, रेघ हालली नाई.

आता गोदाचं सांगते. मधात तिचं लगन झालं होतं, अन् पयलं बाळंतपण म्हणून माहेरी आलती. तिचे दिवस भरायले येळ होता असं आमाले वाटत होतं, म्हणून सकाळीच ह्याईनं तेल काढाले घेतलं. सारं तेल घमेल्यात, नट काढून पाटावर, चेंबर रिकामं, अन् घरातून गोदा ओरडली. दाई आली, आत गेली, लवकरच बाहीर आली, तोंड उतरलेलं. म्हणे लेकरू आडवं हाये, माह्या हातचं नाई, अमरावतीले मोठ्या दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता न्या. आत्याबाई जमिनीवर बसून गेली. बैलगाडीनं नेणं म्हंजे न नेण्यासारकं.

हे खड्ड्यात उतरले, नट उचलला, हातातून पडला, पुन्हा उचलला, लावाले गेले तं वाकडा लागला. वरून लोक ओरडून राह्यले लवकर कर, लवकर कर, गोदा आतून ओरडून राह्यली. मी पाह्यलं, त्याईनं पाना शेवटाले धरला होता, हाताच्या शिरा फुगलेल्या. अन् ते थांबले. खड्ड्यातून वर आले, साऱ्या गावादेखत पाना माह्या हातात देल्ला अन् म्हणे, माह्या हातात आज भलताच जोर आला हाये, तू कर.

मी लुगडं खोचलं अन् उतरली. खाली गेल्यावर आवाज जरा कमी आला. नट पुसला, बोटानं लावला, एक फेर मागं घेतला तसा आट्यात पडला, मंग बोटानंच फिरवत फिरवत टेकवला. पाना आखूड धरला. हलका गेला. वायसर दबलं. पेलला. अन् तिथं मी थांबली. काय सांगू तुमाले, तिथं थांबणं किती कठीण होतं, गोदाचा जीव त्या नटावर, मन म्हणे आणखी थोडा, आणखी थोडा, रस्त्यात गळला तं, अन् हात म्हणे नाई, झालं. मी पाना खाली ठेवून देल्ला, नाई तं पिळला असता. वर आली, म्हटलं ओता तेल.

मागं गादी टाकली, गोदाचं डोकं माह्या मांडीवर, आत्याबाई पायाशी, हे चालवून राह्यले. पूर्णेच्या अलीकडं इंजिनात पाणी टाकाले थांबलो तं मी पयले खाली वाकली, चेंबर कोरडं ठक्क, एक थेंब नाई. ह्याईनं माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् हँडल मारलं. दवाखान्यात डॉक्टरीण बाईनं तिले आत नेलं, आमी वऱ्हांड्यात बसलो, दुपार कलंडली, अन् एका बाईनं येऊन सांगितलं, पोरगा झाला, दोघं बी हायेत. आत्याबाईनं तिचे पायच धरले. हे भिंतीकडं तोंड करून उभे राह्यले. मंग मले म्हणे, तुले भूक लागली असन.

त्या दिवसापासून खड्डा त्याईनं साफ कराचा, तेल त्याईनं काढाचं, अन् नटाची येळ आली का मले हाक माराची. बाया हासत, पयले पयले. आत्याबाई खड्ड्यापाशी बाज टाकून बसे, कोणी वाकून पाहाले लागलं का म्हणे काय वं, तुह्या घरी काम नाई का. मंग लढाई लागली, पेट्रोल भेटेना, टायर भेटेना, मोटार फळ्यावर उभीच राह्यली अन् मंग एका कापसाच्या जिनवाल्यानं नेली. पुन्हा बैलजोडी आली. आत्याबाई गेली, गणपत मिस्त्री गेले, आमचे बुढे जाऊन बी आता पुष्कळ साल झाले, बगीच्यात काम करता करताच गेले, कोणाले तरास देल्ला नाई.

गोदाचा तो पोरगा अकोल्याले मास्तर हाये, त्याले आता नातू हाये. अक्षय तृतीयेले येते, माह्या पाया पडते, मामी मामी करते, बहारावर संत्रे नेते. त्याले हे काईच माहीत नाई. गोदानं सांगितलं नाई, म्या बी नाई. त्याले सांगून काय कराचं ताई, तो आला, चांगला वागते, लेकराईले शिकवते, इतकं पुरे हाये. तुमी त्या मोटारीचं इचारलं म्हणून इतकं निंगालं. आता मले पान्याची पकड बी होणार नाई, बोटं वाकडी झाली, अन् नाई होत तं नाई होत, सुनाई चांगल्या हायेत, भाकर हातात देतात. तुमची बस यायले येळ हाये अजून, बसा, संत्रा सोलून देते तेवढा खा. तुमी ज्या कामाले निंगाल त्या कामाले सुखरूप पोचा, माय.